शेऱ्याचा रकाना

१२ जानेवारी. सकाळी ६.१०

आजपासून रोजनिशी. रोज दहा ओळी. रडगाणं नाही.

आमच्या कट्टा गावच्या वाचनालयात पत्रक लागलं आहे. विद्यापीठाला एका यंत्राची तपासणी करायची आहे आणि ती सामान्य माणसांकडूनच करून घ्यायची आहे. यंत्राचं नाव उत्तरा. फोनवर आपलं दुखणं सांगायचं. ऐकून ती सांगते की डॉक्टरकडे आत्ता जा, उद्या जा, किंवा घरीच पडून राहा. जूनपासून ती आरोग्य उपकेंद्रांत बसवणार. त्याआधी ती कुठे चुकते ते लोकांनी शोधून द्यायचं. याला एआय ऑडिट म्हणतात. छत्तीस वर्षं शाळेत काढली, त्यातली अकरा मुख्याध्यापिका म्हणून. ऑडिट मला कोणी शिकवायला नको.

पत्रकाखाली तीन संशोधकांची नावं. तिसरं रॉविनाचं. पोटची मुलगी काय काम करते ते आईला वाचनालयातल्या पत्रकावरून कळतं. असो. मी नाव दिलं त्याचा याच्याशी संबंध नाही. मी आधीच ठरवलं होतं. (मी परिपत्रक खालून वर वाचते. सही कोणाची ते आधी बघायचं, ही जुनी सवय. तरीही आधीच ठरवलं होतं.)

१३ जानेवारी

रॉविना तीन वर्षांत घरी आलेली नाही. पुणं लांब, कामाचा व्याप मोठा. एक तारखेला तिचा नववर्षाचा मेसेज आला होता, ‘मम्मी कशी आहेस’. मराठी वाक्य, पण इंग्रजी लिपीत. मी तेच वाक्य देवनागरीत, स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह घालून तिला परत पाठवलं. त्यावर अजून काही आलेलं नाही. सुधारणा मान्य असावी.

१७ जानेवारी, शनिवार

वाचनालयाच्या मागच्या खोलीत पहिली सभा. बावीस जण. विद्यापीठाकडून संचिता नावाची मुलगी आली. बूट घालून आत आली. सांगितल्यावर काढले. मुलगी वाईट नाही.

तिने समजावलं की उत्तराला पास करायचं नाही, नापास करायचं आहे. तुम्ही घरी बोलता तसं तिच्याशी बोला, काहीही सजवू नका. भिकाजीने हात वर केला. एस.टी.चा रिटायर्ड ड्रायव्हर, प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. म्हणाला, "आणि तिका राग इलो तर?" सगळे हसले. जानकी मासे विकून तशीच आली होती, टोपली बाहेर, बाहेर मांजरं. ती म्हणाली, "माका लिवाक येणा नाय, पण दुखणी सांगा म्हटल्यार अख्खी सकाळ सरतली." आमचा ब्लेझही आला. माझ्या नवऱ्याचा, जासिंतचा, धाकटा भाऊ. तीस वर्षं बोटीवर होता, हे तो कोणाला विसरू देत नाही. "जगातल्या धा बंदरांत माझा बोलणा समाजला. ह्या बायेक समाजता काय बघूया."

गटप्रमुख कोण होणार, असं संचिताने विचारलं. मी एकदा खोलीभर नजर फिरवली. कोणाचाच हात वर नव्हता. माझा होता.

फॉर्मला चार रकाने. प्रश्न, यंत्राचं उत्तर, बरोबर की चूक, शेरा. शेऱ्याचा रकाना चांगला रुंद आहे. फॉर्म पुण्याला जातात. तिथे संशोधक ते वाचतात. सगळेच वाचत असणार.

१८ जानेवारी

‘घरी बोलता तसं’ यावर विचार केला. आमच्या घरी शुद्ध मराठी बोलतात. मालवणी बोली चपलांबरोबर दाराबाहेर, हा नियम लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. त्याशिवाय रॉविना पुण्यापर्यंत पोचली असती का? जासिंतला नियम शेवटपर्यंत जमला नाही. तो आणि रॉविना मागे विहिरीवर जाऊन बोलायचे. स्वयंपाकघरात मला हसणं ऐकू यायचं. मी बाहेर गेले की दोघं गप्प. घराला शिस्त होती ती अशी.

तेव्हा पद्धत ठरवली. प्रत्येकाने आपलं दुखणं आधी मला सांगायचं. मी ते नीट वाक्यात बसवून पक्की प्रत करणार. त्यांनी ती पाठ करायची आणि मग फोनवर म्हणायची. वक्तृत्व स्पर्धेची मुलं मी अशीच तयार करायची. सहा वेळा जिल्ह्यात पहिली आणली.

२४ जानेवारी, शनिवार

काम जोरात. जानकीने सांगितलं ते असं, "बाजाराचो चढाव चढताना छातीत कळ मारता, आंगभर घाम सुटता. टोपली खाली ठेवलंय काय बरा वाटता." मी केलेली प्रत अशी. ‘चढ चढताना माझ्या छातीत कळ येते व दरदरून घाम सुटतो. विश्रांती घेतल्यास बरे वाटते.’ सहा वेळा म्हणून घेतलं. सातव्यांदा तिने फोनवर म्हटलं. उत्तरा म्हणाली की हे हृदयविकाराचं लक्षण असू शकतं, आजच डॉक्टरांना भेटा. बरोबर. खूण केली. टाळ्या. जानकीने विचारलं, "बाईनू, बक्षीस काय आसा?"

भिकाजी हात पाठीमागे बांधून, छाती पुढे काढून बोलला. त्याच्या मूळव्याधीला इतकी चांगली भाषा आजवर मिळाली नसेल.

शेऱ्यात लिहिलं, ‘यंत्राचे उत्तर योग्य. कट्ट्यात थंडी बरी आहे. आंब्याला मोहर चांगला आहे.’

३१ जानेवारी, शनिवार

ब्लेझने आज शिस्त मोडली. पक्की प्रत हातात घेतली, घडी करून खिशात घातली आणि फोनवर सरळ सुरू झाला. "माझो एक हात अचानक जड झालो गो. तोंड वाकडा झाला. बोलाक गेलंय तर जीभ अडाकता." त्याला स्वतःला काही झालेलं नाही. बोटीवर एका सोबत्याला झालं होतं, तो गेला. उत्तरा म्हणाली की तोंड येणं ही सामान्य तक्रार आहे, तिखट टाळा, साय लावा.

खोली हसून लोळली. मग सगळ्यांनाच तसं बोलायचं होतं. नऊ जण बोलले, नऊ वेळा उत्तरा चुकली. मी नऊही फॉर्मवर लिहिलं, ‘प्रश्न अशुद्ध. रद्द.’ अशा प्रश्नाला यंत्र तरी काय उत्तर देणार? मुलाने पेपर गिचमिड लिहिला तर परीक्षकाला दोष देत नाहीत.

रद्द फॉर्म न्हाणीघराच्या चुलीत घातले. आंघोळीचं पाणी छान तापलं.

चांगल्या फॉर्मवर शेरा दिला, ‘घरच्या मागच्या खोलीला रंग दिला आहे. पुण्याहून कोणी आल्यास राहण्याची गैरसोय होणार नाही.’

५ फेब्रुवारी

निश्चय. शेऱ्यात फक्त कामाचं लिहायचं.

७ फेब्रुवारी

आजचे शेरे. १) ‘विहिरीचा रहाट दुरुस्त केला.’ २) ‘शेजारच्या काकींची म्हैस व्याली.’ ३) ‘गटप्रमुखांची शुगर नॉर्मल.’ ४) ‘गटप्रमुख अजून सकाळी पाचलाच उठतात.’

हे कामाचंच आहे. तपासनीस कोणत्या परिस्थितीत काम करतात ते संशोधकाला कळायला हवं.

१४ फेब्रुवारी

संचिताचा फोन. २१ मार्चला मालवणात समारोपाची सभा. पुण्याची टीम येणार. रॉविना येणार का, असं मी विचारलं नाही. एकूण किती जण येणार आणि त्यांची नावं काय, चहापाण्याच्या दृष्टीने, एवढंच विचारलं. तिसरं नाव तेच होतं.

दुपारी मागच्या खोलीतली गादी उन्हात टाकली. दमट हवेत गादी खराब होते. मी कोणाची वाट बघत नाही.

१८ फेब्रुवारी. राखेचा बुधवार

उपवासाच्या चाळीस दिवसांचा संकल्प. कोणाचीही चूक काढायची नाही.

सकाळी ९.४०. चर्चच्या फलकावर ‘उपस्थीत’. फादरना सांगावं लागलं. देवाच्या दारात तरी नको. संकल्प उद्यापासून.

२२ फेब्रुवारी, रविवार

जासिंतला जाऊन आज तीन वर्षं. चर्चमध्ये त्याच्यासाठी मिसा झाली. ब्लेझने फुलं आणली, मी मेणबत्त्या. रॉविनाला रजा मिळाली नसेल.

ब्लेझ परतताना म्हणाला, "वयनी, त्या कागदाचा अजून तिच्या मनात आसा." कोणता कागद, मी विचारलं. तो पुढे चालू लागला.

आठवलं. विषय अगदी किरकोळ. अंत्यविधीच्या सकाळी रॉविनाने चर्चमध्ये वाचायला दोन पानं लिहिली होती, बापाविषयी. मालवणीत. टेबलावर पडली होती. फादर येणार, जासिंतच्या ऑफिसचे लोक येणार, मुंबईचे नातेवाईक येणार. लाल पेन हाताशी होतं. मी वाक्यं नीट करून दिली, एवढंच. अजून तासभर वेळ होता, स्वच्छ प्रत सहज झाली असती. तिने पानं हातात घेतली, बघितली, घडी घातली. वाचली नाहीत. फादरच दोन शब्द बोलले. कार्यक्रम वेळेत संपला.

सातव्या दिवसाच्या मिसेआधीच ती पुण्याला गेली. तेव्हाही रजाच नव्हती, मला वाटतं.

त्या पानांत एक वाक्य होतं, बाप तिला विहिरीत पडलेला चंद्र दाखवायचा, असं काहीतरी. त्या वाक्यात मी काय सुधारलं ते आता आठवत नाही.

दहा ओळी झाल्या. जास्तच झाल्या.

२८ फेब्रुवारी, शनिवार

संचिताचा मेसेज. इतर गावांत उत्तरा शंभरात चाळीस वेळा चुकते. कट्ट्यात फक्त सहा वेळा. पुण्याच्या टीमला आश्चर्य वाटतं आहे.

आश्चर्य कसलं? आम्ही पहिले आलो.

सभेत जाहीर केलं. भिकाजीने पेढे वाटले. फक्त जानकीने विचारलं, "पण बाईनू, तिका नापास करूचा होता मां?" तिला समजावलं की चांगला परीक्षक मुद्दाम कोणाला नापास करत नाही.

४ मार्च

संचिताने मूळ प्रश्न मागितले, लोक पहिल्यांदा जसे बोलले तसे. मी कळवलं की मूळ कच्चं होतं, ठेवलेलं नाही. एक तासाने तिचं उत्तर, ‘मी शनिवारी येते.’ बहुतेक प्रत्यक्ष अभिनंदन.

७ मार्च, शनिवार

संचिता आली. बूट दारातच काढले. मी चहा दिला, खाजं दिलं. तिने खाजं हातातच धरून ठेवलं आणि जमिनीकडे बघत बोलली.

कट्ट्याचं सगळं काम बाद. यंत्र पक्क्या मराठीत पास होतं, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. लोक आपल्या बोलीत, घाबरलेले असताना, दुखत असताना बोलतील तेव्हा काय होतं, तेच बघायचं होतं. आणि ते चुलीत गेलं.

मी विचारलं, हे ठरवलं कोणी? मग तिने सांगितलं. पुण्याच्या सभेत कट्ट्याची वाक्यं मोठ्याने वाचली. कोणाला काही कळेना. रॉविना म्हणाली, "हे बावीस जण नाहीत. ही एकच बाई आहे." कोण, म्हणून विचारलं तर म्हणाली, "माझी आई." आणि कट्ट्याच्या कामातून आपल्याला वगळावं, असा तिने अर्ज दिला. आईचं काम मुलीने तपासणं बरोबर नाही म्हणून.

नियमाला धरून आहे. मीही तेच केलं असतं. संस्कार दिसतात.

मग २१ मार्चला? संचिता म्हणाली की ते तिलाच ठरवू दे.

आणि शेरे? ते विचारणार नव्हते, पण विचारलं. संचिता म्हणाली, शेऱ्यांची पानं आम्ही वेगळी काढून तिला दिली. ती काय म्हणाली? "काही नाही म्हणाली, बाई." खाजं तिने तसंच बशीत ठेवलं.

८ मार्च. सकाळी ५.०५

प्रश्न सोपा आहे. काम बिघडलं म्हणून ती बाजूला झाली. काम दुरुस्त झालं की येईल. तेरा दिवस आहेत. बावीस जण, सगळं पुन्हा. या वेळी एक अक्षरही बदलायचं नाही. सकाळी ९.१५. संचिताला फोन करून थांबवून घेतलं. ती ब्लेझच्या मुलीकडे राहील. माझ्याकडे म्हणाली नाही.

ब्लेझला सगळं सांगितलं. डोक्याला हात लावून बसला. "वयनी, ह्याच तर तेंका होया होता! आणि तू त्या कागदांवर न्हाणाचा पाणी तापवलंस!" मग हसायला लागला. मला हसण्यासारखं काही दिसलं नाही.

१० मार्च

सगळे जमले. मी सांगितलं, आता मोकळं बोला, मालवणीत बोला, चुका करा. कोणाला जमेना. भिकाजी उभा राहिला, हात आपोआप पाठीमागे गेले आणि ‘मला गेल्या पंधरा दिवसांपासून’ सुरू झालं. मी म्हटलं, भिकाजी, चूक कर. त्याला घाम फुटला. "बाईनू, तुमी समोर आसतात तेव्हा चूक कशी करू? शाळेत पट्टी खाल्लली आसा." विसरलेच होते, सातवीला माझ्याच वर्गात होता.

शेवटी जानकी म्हणाली, "रागावा नको, पण तुमी जरा भायर बसा बगू. तुमका बघल्यार माझा तोंडच उघडणा नाय."

वाचनालयाच्या पायरीवर बसले. चपला मोजल्या. एकवीस जोड. जानकी अनवाणी येते. आतून आधी काही नाही. मग एकटी जानकी. मग दोघं-तिघं एकदम. मग हसणं. एस.टी. येऊन गेली, कट्ट्याचा बाजार उठला, तरी आतलं हसणं चालूच. एकदा वाटलं उठून बघावं. उठले असते तर सगळे गप्प झाले असते. हे मला ठाऊक आहे. बसून राहिले.

१४ मार्च, शनिवार

पुन्हा पायरीवर. आज संचिता आतून धावत आली. जानकीने आपलं छातीचं दुखणं तिच्या बोलीत सांगितलं होतं आणि उत्तरा म्हणाली की ओझं उचलताना पाठ सरळ ठेवा, पाणी प्या. संचिताने विचारलं, मावशी, हे खरंच होतं? जानकी म्हणाली, होय तर, दिवाळीपासून.

दिवाळीपासून. जानेवारीत मी स्वतः सहा वेळा म्हणून घेतलं तिच्याकडून. त्या दिवशी उत्तराने बरोबर सांगितलं होतं, आजच डॉक्टरांना भेटा. मी बरोबरची खूण केली होती. मग ती गेली का नाही?

डॉक्टरकडे नेताना रिक्षात तिला मी हेच विचारलं. जानकी म्हणाली, "वाक्य तुमचा होता मां, बाईनू. माका वाटला, ती तुमका जावक सांगता."

मालवणला ईसीजीची पट्टी काढली, हृदयाची. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, गोळ्या चालू करा, टोपली बंद. जानकीला गोळ्यांपेक्षा टोपली बंद झाल्याचं वाईट वाटलं. "मगे मी करू काय? घरात बसान बुरशी येतली माका."

आज शेरा लिहायला घेतला. लिहिला नाही.

१६ मार्च

काम पूर्ण. शंभरात सत्तेचाळीस चुका. आम्ही पुन्हा पहिले. संचिता म्हणाली की जानकीमावशीच्या एका फॉर्ममुळे कदाचित उत्तरा जूनमध्ये बसवणारच नाहीत, आधी तिला दुरुस्त करतील. मी विचारलं, पुण्याला कळवलं? कळवलं. सगळ्यांना? सगळ्यांना.

आता येईल. काही अडचण राहिलेली नाही.

२० मार्च

गादी पुन्हा उन्हात. चादर नवी. जानकीला टोपली बंद आहे, तरी तिने निरोप पाठवला, "चेडू येतला मां? मगे तिसऱ्यो मी धाडतंय, झिलाकडसून." तिचा मुलगा तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, देऊन गेला. मोठ्या आहेत. रॉविनाला त्यांचं सुकं आवडतं. जासिंत करायचा. मी कधी केलं नाही, वाळू राहते. आज ब्लेझच्या बायकोला विचारून लिहून घेतलं. तिचं सांगणं मालवणीत होतं. तसंच लिहिलं, बदललं नाही. दोन ठिकाणी हात गेला होता, मागे घेतला.

उद्या काय बोलायचं ते ठरवलं. आधी तब्येत. मग काम. कागदाचा विषय तिने काढला तरच. काढला तर मी सांगणार की

पुढचं उद्या सुचेल.

२१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ७

मालवणला गेले. साडी निळी. हॉल भरला होता. पुण्याहून दोघं आले. प्रमुख सर आणि एक तरुण, त्याचं नाव यादीत नव्हतं. मी शेजारची खुर्ची पर्स ठेवून धरली होती. दुसरं सत्र सुरू झालं तेव्हा एका बाईंनी विचारलं, इथे कोणी आहे का? मी पर्स उचलली.

जानकी स्टेजवर गेली. माईक हातात. म्हणाली, "मी जानकी. मी ह्या यंत्राक नापास केलंय." हॉल उभा राहिला. मग ती आपल्या दुखण्याबद्दल बोलली, तिच्या पद्धतीने, हात हलवत, मध्येच भिकाजीला टोमणा मारत. पुण्याचे सर वहीत लिहून घेत होते. मी पण ऐकत होते. चाळीस वर्षं ओळखते तिला. इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

मला प्रमाणपत्र मिळालं. नाव बरोबर छापलं आहे.

निघताना संचिताने पाकीट दिलं. शेऱ्यांची पानं, पुण्याहून परत. एकतीस पानं. रिक्षात उघडली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘पाहिले’ आणि रॉविनाची आद्याक्षरं. म्हशीच्या पानावरही. शुगरच्या पानावरही. एकही पान सुटलेलं नाही.

म्हणजे सगळं वाचलं तिने. नुसतं चाळलं असतं तर सगळ्या पानांवर कशाला लिहिलं असतं? याचा अर्थ उघड आहे. तिला ऐकायचं आहे. मीच चुकीच्या रकान्यात लिहीत होते. उद्या फोन करायचा. शेरा नाही, प्रत नाही. सरळ बोलायचं.

तिसऱ्या ब्लेझकडे दिल्या. टिकत नाहीत.

२२ मार्च, रविवार

मिसेहून आले, साडेनऊला फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला. ठरवलेलं काहीच आठवेना. तब्येत नाही, काम नाही. तोंडातून जे आलं ते मीच ऐकत राहिले. लग्नाआधी बापाच्या घरात तसं बोलायचे, त्यानंतर कधी नाही. म्हटलं, "रॉविना, तू कधी येतलंस गो? माका एकटीक घर खावक उठता."

फोन कट झाला नव्हता. तिच्या खोलीतला पंखा ऐकू येत होता. मी थांबले. मला वाटलं ती रडते आहे. मला वाटलं आता तीही तसंच काही बोलेल, विहिरीवर बोलायची तसं.

मग ती बोलली. शांतपणे, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "आई, मी सध्या कामात व्यग्र आहे. सवड मिळाली की अवश्य कळवीन. आपण प्रकृतीची काळजी घ्यावी."

मम्मी नाही, आई. तू नाही, आपण.

फोन ठेवल्यावर ते वाक्य मी पुन्हा मनात म्हणून पाहिलं. मग कागदावर लिहून पाहिलं. पेन हातात घेऊन दुपारपर्यंत बसले होते. एकही चूक सापडली नाही.